फिलिपिन्सची आजची कला : लादलेल्या मूर्ती, फोटो आणि नकाशे यांचं पुढे काय झालं?

आडवाटेची (धागाकर्ती)

नवऱ्याच्या नोकरीमुळे मनिलात येऊन आता तीन वर्षं झाली. पहिल्या पावसाळ्यात घरात बसून जीव उबगला, म्हणून एका दुपारी राष्ट्रीय कला संग्रहालयात गेले. प्रवेश फुकट आहे, एवढंच तेव्हा माहीत होतं.

आत शिरलं की मोठ्या दालनात भिंतभर एकच चित्र आहे. साडेसात मीटरहून लांब, सव्वाचार मीटर उंच. हुआन लुना या फिलिपिनो चित्रकाराचं 'स्पोलियारियम'. रोमन आखाड्यात मेलेल्या ग्लॅडिएटरांना तळघरातल्या ज्या खोलीत ओढत आणून त्यांच्या अंगावरचं सगळं उतरवत, त्या खोलीचं हे नाव. मधोमध दोन देह फरफटत चाललेत. डावीकडे बघ्यांची गर्दी आहे आणि उजव्या कोपऱ्यात एक बाई आपल्याकडे पाठ करून जमिनीवर कोसळली आहे. तिचा चेहरा दिसतच नाही, फक्त उघडा खांदा. त्या खांद्यासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

या चित्रात एकही फिलिपिनो माणूस नाही. नारळाचं झाड नाही, भाताचं खाचर नाही. तरी इथल्या शाळेतल्या पोरांनाही हे चित्र आपलं वाटतं. १८८४ साली माद्रिदच्या प्रदर्शनात याला सुवर्णपदक मिळालं. त्याच प्रदर्शनात फेलिक्स रेसुरेक्सियोन इदाल्गो या दुसऱ्या फिलिपिनो चित्रकाराला रौप्य मिळालं. दोघांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तिथे पुढे इथला राष्ट्रनायक ठरलेला, तेव्हा २३ वर्षांचा होसे रिझाल बोलायला उठला आणि म्हणाला की प्रतिभेला देश नसतो. ज्यांना 'इंडियो', म्हणजे इथले देशी, म्हणून हिणवलं जाई, त्यांच्यातल्या दोघांनी राज्यकर्त्यांच्या, म्हणजे स्पेनच्या, राजधानीत, राज्यकर्त्यांच्याच शैलीत त्यांना मागे टाकलं होतं. ओढले जाणारे देह कोणाचे, हे मग कोणाला सांगावं लागलं नाही. तीन वर्षांनी रिझालची कादंबरी आली. १८९६ च्या डिसेंबरात स्पॅनिशांनी त्याला गोळ्या घातल्या.

त्यानंतर मी जमेल तशी प्रदर्शनं बघत गेले आणि एक गोष्ट मनात पक्की बसली. इथले आजचे कलावंत आपल्यावर लादलेली वस्तू टाकून देत नाहीत. तीच उचलतात आणि तिच्यावरच काम करतात. ३३३ वर्षं स्पेन, मग जवळपास अर्धं शतक अमेरिका, मधे तीन वर्षं जपान. एवढ्या सगळ्यांनी मागे ठेवलेला पसारा हाच त्यांचा कच्चा माल.

एकच उदाहरण देते. मार्था आतिएन्झाची २०१७ ची एक व्हिडिओ कलाकृती आहे, तिच्या नावात अक्षांश-रेखांश आहेत. सेबू बेटाच्या उत्तर टोकाशी बान्तायान बेट आहे, तिथल्या समुद्राचे. पडद्यावर निळसर पाणी आणि समुद्राचा तळ. तळावरून माणसांची मिरवणूक चालली आहे. वरच्या होडीतल्या कॉम्प्रेसरमधून हवा आणणारी नळी प्रत्येकाच्या तोंडात, कारण ही माणसं खरोखर अशीच नळी धरून मासे पकडायला बुडी मारणारी आहेत. आवाज मुळीच नाही. पाण्यामुळे पावलं जड, सावकाश पडतात. कोणी काय सोंग घेतलंय हे हळूहळू कळायला लागतं. ही आती-आतिहान, म्हणजे बाळ येशूची जत्रा.

हा बाळ येशू म्हणजे 'सांतो निन्यो'. १५२१ मध्ये स्पेनच्या मोहिमेवर आलेल्या मॅगेलनने सेबूच्या राणीला बाप्तिस्म्याच्या वेळी एक मूर्ती भेट दिली. थोड्याच दिवसांत मॅगेलन शेजारच्या माक्तान बेटावर मारला गेला. ४४ वर्षांनी स्पॅनिश परत आले तेव्हा ती मूर्ती त्यांना एका घरात सापडली. आज ती सेबूच्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, आहे आणि तिची प्रतिमा घरोघर, टपऱ्यांत, जीपनी या इथल्या वडापच्या गाड्यांच्या काचेमागे. आतिएन्झाने ती जत्रा पाण्याखाली नेली. त्याच पाण्यात, जिथे मासे कमी होत चाललेत, वादळं वाढताहेत आणि पोरं बोटीवर नोकरी धरून निघून जाताहेत.

तुमच्यापैकी कोणी तिकडची कला पाहिली असेल तर लिहा. मला शिकलेल्या नजरेने बघता येत नाही, कलेचं शिक्षण नाही. पण बोलायची फार इच्छा आहे.

जुनापेटारा

ताई, फार छान धागा. सांतो निन्योवरून सांगतो, यात आपल्या गोव्याचाही धागा आहे.

मनिला आणि मेक्सिकोतलं अकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं ये-जा करत. त्यातून जाणाऱ्या मालात हस्तिदंती मूर्ती असत. फिलिपिन्समध्ये हत्ती नाहीत, दात बाहेरून यायचे. कोरणारे बहुतेक चिनी कारागीर, मनिलाच्या कोटाबाहेर 'पारियान' नावाच्या वस्तीत राहणारे. समोर युरोपातलं छापील चित्र ठेवून ते मेरी आणि बाळ येशू कोरत. पण हात बुद्ध आणि क्वान्यिन ही चिनी करुणादेवी कोरण्यात मुरलेला. म्हणून या मूर्तींचे डोळे किंचित तिरपे, पापण्या जड, कानाच्या पाळ्या लांब आणि मानेवर वळ्या. आणि अख्खी मूर्ती एका बाजूला झुकलेली, कारण हत्तीचा दातच वाकडा असतो.

त्याच शतकांत आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांच्या चर्चसाठी हस्तिदंत कोरलं जात होतं. 'गुड शेफर्ड' नावाचा गोव्याचा खास प्रकार आहे. डोंगरासारख्या उतरंडीवर बाळ येशू मेंढरू घेऊन बसलाय, गालाला हात, डोळे मिटलेले. कोणी म्हणतं ध्यानस्थ बुद्ध, कोणी म्हणतं गाई राखणारा कृष्ण. दोन साम्राज्यं वेगळी, कारागीर वेगळे, पण झालं ते सारखंच. मालकाने नमुना दिला आणि हाताने आपली ओळख त्यात सोडली.

तुम्ही आजच्या कलावंतांबद्दल जे म्हणता, त्याची सुरुवात मला इथेच दिसते.

घाटमाथा

दोघांनीही छान लिहिलंय, पण एक शंका स्पष्टच विचारतो. स्पॅनिश शैली, चिनी हात, पुढे अमेरिकन शाळा. या सगळ्यात त्यांचं स्वतःचं काय? स्पेनच्या आधी तिथे काही होतं की नाही? दुसऱ्याच्या वस्तूवर काम करणं ही मजबुरी असेल, तिला आपण मोठं करून तर सांगत नाही ना?

आडवाटेची

घाटमाथा, प्रश्न रास्त आहे. मलाही हे सुरुवातीला टोचलं होतं.

स्पेनच्या आधीचं बरंच आहे. १९१७ मध्ये दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावरच्या आगुसान भागात नदीकाठी एका बाईला सोन्याची मूर्ती मिळाली, जवळपास दोन किलो वजनाची, मांडी घालून बसलेली देवी. बरेच जण ती बौद्ध तारा मानतात. ती आज शिकागोच्या संग्रहालयात आहे, मिंडानाओत नाही. लागुनाला सापडलेला ताम्रपट इसवी सन ९०० चा आहे आणि त्यात संस्कृत शब्द आहेत. इथल्या बोलीत आजही ते भेटतात. पहिल्यांदा भाजीवालीच्या तोंडून 'मुखा' ऐकलं, अर्थ चेहरा, तेव्हा मी जागीच थबकले. 'दिवाता' म्हणजे वनदेवता, 'आसा' म्हणजे आशा, 'काथा' म्हणजे रचलेली गोष्ट. आणि 'लिखा' म्हणजे निर्मिती. पारंपरिक कारागिरांना सरकार जो सर्वोच्च सन्मान देतं, त्याच्या नावातच 'मान्लिलिखा' आहे, निर्माण करणारा.

१९९८ मध्ये तो सन्मान लांग दुलाय यांना मिळाला. दक्षिण मिंडानाओत सेबू नावाच्या तळ्याकाठी राहणाऱ्या त'बोली समाजातल्या विणकर आजी. आबाका म्हणजे केळीच्या जातीचं झाड, त्याच्या खोडातून धागा काढून त्या 'त'नालाक' विणत. धागा आधी गाठी मारून रंगवायचा, तांबडा, काळा आणि मूळ पांढरट. कागदावर काही काढायचं नाही. नक्षी स्वप्नात दिसते, आबाकाची देवता ती दाखवते, अशी श्रद्धा. शेकड्याने नक्ष्या आजींना तोंडपाठ होत्या.

उत्तरेला कोर्डिलेरा डोंगरांत इफुगाओ लोक भाताच्या कणगीत 'बुलुल' ठेवतात, धान्य राखणाऱ्या लाकडी मूर्तींची जोडी. गुडघे वर, हात गुडघ्यांवर, चेहरा इतका साधा की नजर हटत नाही. बेनकाब या चित्रकाराने तिथल्या बागियो शहराजवळ स्वतःचं संग्रहालय बांधलं, तिथे त्याच्या चित्रांइतकीच जागा या बुलुलांना आहे.

तेव्हा त्यांचं स्वतःचं होतं आणि आहे. पण त्या सोन्याच्या देवीसारखं त्यातलं बरंच उचलून नेलं गेलं. जे हाताशी उरलं त्यात मूर्ती, फोटो आणि नकाशेही होते.

खडूफळा

मी शाळेत चित्रकला शिकवते. माझ्याकडून थोडी भर.

विसाव्या शतकातला तिकडचा मोठा वाद समजून घेतल्याशिवाय आजचं कळणार नाही. एका बाजूला फर्नांडो आमोर्सोलो. अमेरिकन राजवटीतला सर्वांत लाडका चित्रकार. भातलावणी, नदीवर धुणं, डोक्यावर टोपली घेतलेली हसरी तरुणी, आणि सगळ्यांच्या पाठीमागून येणारं सोनेरी ऊन. त्याचा तो पाठीमागचा उजेड तंत्र म्हणून अवघड आहे, मी मुलांना जलरंगात करून दाखवायचा प्रयत्न केलाय, चेहरे काळवंडतात. त्याचे काळवंडत नाहीत.

दुसऱ्या बाजूला व्हिक्टोरियो एदादेस. सिअॅटलला शिकून आला आणि १९२८ मध्ये मनिलात प्रदर्शन भरवलं. 'द बिल्डर्स' नावाच्या चित्रात उघडेबंब मजूर दगड ओढताहेत, रंग मातकट, देह पिळवटलेले. लोकांना ते किळसवाणं वाटलं. शेतात राबणारा माणूस सोनेरी दिसतो की मातकट, यावर पुढची कितीतरी वर्षं भांडण चाललं.

आणि गालो ओकाम्पोचं 'ब्राउन मॅडोना', १९३८. मेरी सावळी, पोशाख देशी, मागे झोपडी. आज यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी देव्हाऱ्यातली प्रत्येक मेरी गोरी होती, हे लक्षात घेऊन बघा.

आमोर्सोलो मला चांगला चित्रकार वाटतो, पण त्याने एका गुलाम देशाचं गोड कॅलेंडर केलं, असं माझं मत आहे.

समुद्रफेस

खडूफळाताई, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. त्याच आमोर्सोलोने युद्धात जळणारी मनिला रंगवली आहे. १९४५ च्या फेब्रुवारीत महिनाभर शहरात लढाई झाली, त्यात सुमारे एक लाख नागरिक मेले. त्या वर्षीचं त्याचं एक चित्र आहे, हातात बोलो, म्हणजे कोयता, घेऊन एक पुरुष आपल्या बाईच्या आडवा उभा राहिलाय, समोरचा जपानी सैनिक दिसत नाही, नुसती त्याची टोपी पायाशी पडलेली आहे. तिथे ऊन बिन काही नाही.

आणि सोनेरी उन्हाबद्दल. ज्या लोकांना तीनशे वर्षं आळशी, रानटी म्हणून रंगवलं, त्यांना कोणीतरी देखणं आणि कष्टाळू दाखवणं हेही एक उत्तर नाही का?

खडूफळा

समुद्रफेस, टोपीचा मुद्दा मनापासून मान्य. 'कॅलेंडर' हा शब्द मागे घेते. पण त्याच्या नंतरच्यांनी त्याची नक्कल करून पर्यटकांसाठी जी चित्रं काढली, त्यांच्याबद्दल तो कायम.

आडवाटेची

गोड चित्राला सर्वांत कडक उत्तर मिळालं हुकूमशहा मार्कोसच्या काळात. १९७२ मध्ये लष्करी कायदा लागू झाला. १९७६ मध्ये 'काइसाहान' नावाचा चित्रकारांचा गट उभा राहिला, त्यांना इथे सामाजिक वास्तववादी म्हणतात. त्यातल्या आन्तिपास देलोतावोचं १९७८ चं एक जलरंगातलं चित्र मी विसरू शकत नाही. शीर्षकाचा अर्थ साधारण 'हुआनकाकांच्या काळजात कोयता'. एक म्हातारा माणूस, खांदे पडलेले, चालला आहे. त्याच्या मागे कोका-कोलाचा प्रचंड लाल फलक. त्यातल्या पहिल्या अक्षराची ती ओळखीची लांब शेपटी वळत येते आणि तिचं टोक बरोब्बर म्हाताऱ्याच्या छातीत. रक्ताचा थेंब नाही, लाल रंग जाहिरातीचाच. लादलेली वस्तू जागच्या जागी शस्त्र झाली.

याच धाग्यावर पुढे किरी दालेना. तिने जुन्या वर्तमानपत्री संग्रहांतले मोर्च्यांचे फोटो घेतले आणि माणसांच्या हातातल्या फलकांवरची अक्षरं पुसून टाकली. शेकडो माणसं ओरडताहेत आणि फलक कोरे. २००८ पासून ती ही मालिका करते आहे. पहिल्यांदा वाटतं, अरे, हिने त्यांचा आवाज काढून घेतला. थोडं थांबलं की आपणच त्या कोऱ्या फलकांवर लिहायला लागतो.

दुबईचीवाळू

कलेतलं काही कळत नाही, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. अठरा वर्षं इथे आहे. माझ्या फ्लॅटमध्ये सुरुवातीची चार वर्षं दोन फिलिपिनो मित्र होते. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात कायम एक मोठा पुठ्ठ्याचा खोका उघडा असे. दर पगाराला त्यात काहीतरी पडायचं. साबण, चॉकलेट, बुटांचा जोड, टॉवेल, कॉर्न बीफचे डबे. पाच-सहा महिन्यांनी खोका भरला की त्याला इतकी चिकटपट्टी गुंडाळायचे की पुठ्ठा दिसू नये, आणि जहाजाने गावी. एकदा त्यातल्या एकाने मुलीसाठी बूट घेतले आणि मापासाठी घरून आलेला दोरा खिशातून काढला. मुलीच्या पावलाएवढा. मी तेव्हा माझ्या लेकाला वर्षातून एकदा भेटत होतो. तो दोरा अजून आठवतो.

या खोक्यांवर कोणी काही केलंय का?

आडवाटेची

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ काही सुचलं नाही.

हो, केलंय. त्याला 'बालिकबायान' खोका म्हणतात, 'बालिक' म्हणजे परतणं आणि 'बायान' म्हणजे आपला देश, आपलं गाव. इसाबेल आणि आल्फ्रेडो आकिलिझान हे जोडपं २००६ मध्ये मुलाबाळांसह ऑस्ट्रेलियाला गेलं. खोके, पुठ्ठा आणि स्थलांतर करणाऱ्यांच्या रोजच्या वस्तू हेच त्यांच्या कामाचं साहित्य. पुठ्ठ्याची छोटी छोटी घरं एकावर एक रचून ते अख्खी वस्ती उभी करतात, बऱ्याचदा बघायला आलेल्या लोकांकडूनच करून घेतात.

इमेल्दा काहिपे-एन्दाया यांचं १९९५ चं काम परदेशी घरकामाला जाणाऱ्या बायकांवर आहे, सुटकेस आणि घरकामाच्या वस्तू घेऊन केलेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्लोर कोन्तेम्प्लासियोन या घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बाईला सिंगापूरमध्ये फाशी झाली होती आणि सगळा देश हादरला होता.

पासिता आबाद हे नावही इथेच घ्यायला हवं. बातानेस बेटांवर जन्मलेली, मार्कोसविरोधात बोलल्यामुळे देश सोडावा लागलेली. कॅनव्हासला मागून कापूस भरून, शिवून, त्यावर आरसे, कवड्या, बटणं लावून ती गोधडीसारखी मोठाली चित्रं करायची. ज्या ज्या देशात राहिली तिथल्या बायकांचं शिवणकाम त्यात उतरलं. २००४ मध्ये ती गेली. तिचं मोठं सिंहावलोकन अमेरिकेत भरायला २०२३ उजाडावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.

जुनापेटारा

फोटो आणि नकाशे शीर्षकात आहेत, नकाशे राहिले ताई.

आडवाटेची

खरंच राहिले. आधी फोटोंचं एक पुरं करते. बेनकाब लंडनला राहत असताना त्याला जुन्या दुकानांत वसाहतकाळातले फिलिपिनो माणसांचे फोटो मिळाले, साहेबांनी नमुने म्हणून काढलेले. १९७२ पासून त्याने ते रंगवायला घेतले, मालिकेचं नाव 'लारावान', म्हणजे चित्र. फोटोत जे 'नमुने' होते ते कॅनव्हासवर आपल्याकडे रोखून बघणारी माणसं झाले.

माणसांना नमुने करणं नुसतं फोटोपुरतं नव्हतं. १८८७ मध्ये माद्रिदच्या रेतिरो बागेत फिलिपिन्सचं प्रदर्शन भरलं, त्यासाठी काचेचा महाल बांधला आणि डोंगरातली इगोरोत व इतर माणसं आणून लोकांना बघायला ठेवली. काही तिथेच आजारी पडून मेली. तो महाल अजून उभा आहे. २०२१ मध्ये त्याच महालात बागियोच्या किदलात ताहिमिक या सिनेमावाल्या कलावंताने (नावाचा अर्थ 'मूक वीज') आपलं प्रदर्शन मांडलं. लाकडात कोरलेल्या कितीतरी मूर्ती. एकीकडे मेरिलिन मन्रो, समोर इफुगाओंची वाऱ्याची देवता इन्हाबियान. १३४ वर्षांनी त्या काचेखाली डोंगरातले लोक परत आले, या खेपेला स्वतःची गोष्ट घेऊन. मी ते फक्त चित्रफितीत पाहिलंय आणि तरीही माझ्या अंगावर काटा आला.

आता नकाशा. १७३४ चा मुरिल्यो वेलार्देचा नकाशा इथे सगळ्यांना माहीत असतो. नाव जेझुइट पाद्रीचं, पण तांब्यावर कोरला तो निकोलास दे ला क्रुझ बागाय याने, आणि आपल्या नावापुढे त्याने 'इंडियो तागालो' असं कोरलं. आज सियान दाइरित हा १९८९ चा जन्म असलेला कलावंत त्या जुन्या नकाशांच्या धाटणीत कापडावर नकाशे करतो, भरतकामाने. पण ठिकाणं वेगळी. कुठे खाण आली, कुठून शेतकरी हुसकले, कुठे छावणी आहे. शेतकऱ्यांसोबत आणि आदिवासींसोबत बसून, त्यांनी सांगितलेल्या खुणा घेऊन. जवळून पाहिलं तर कडेच्या वेलबुट्टीत बंदुका आणि कवट्या टाचलेल्या दिसतात.

घाटमाथा

माझ्या शंकेला उत्तर मिळालं, बागायच्या सहीने तर पुरतंच. पण आता दुसरी शंका. हे सगळं विकत कोण घेतं? शेतकऱ्याच्या दुःखाचा नकाशा शेवटी श्रीमंताच्या दिवाणखान्यातच लागत असेल ना?

आडवाटेची

लागतो. खोटं कशाला बोलू. २०११ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात रोनाल्ड व्हेन्तुराचं एक चित्र सुमारे ११ लाख अमेरिकन डॉलरना गेलं, तेव्हापासून इथला बाजार बदलला. २०१३ पासून मनिलालगतच्या मकाती शहरात एका पार्किंग इमारतीत कलाजत्रा सुरू झाली, तिथे मी श्रीमंत संग्राहकांना आणि शाळेच्या गणवेशातल्या पोरांना एकाच चित्रासमोर पाहिलंय. मला यातली कुठलीच बाजू पूर्ण पटत नाही. संग्रहालयात मात्र तिकीट नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रविवारी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं येतात. आजी 'स्पोलियारियम'समोर नातवाला खांद्यावर घेऊन उजवा कोपरा दाखवत असते.

जुनापेटारा

पुढच्या आठवड्यात भाच्याच्या लग्नाला गोव्याला चाललोय. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे एक सकाळ ठरवली आहे. हस्तिदंती मूर्तींत मनिलाची आणि गोव्याची ओळखायची असेल तर काय बघू?

आडवाटेची

पेटारादादा, तुम्हीच आधी लिहिलंय ते सगळं. मी इथे आधी डोळे बघते, मग मानेवरच्या वळ्या मोजते. आणि जमल्यास बाजूने बघा, समोरून नको. पाठीचा बाक दाताच्या मूळ वळणाने गेलेला असतो, तो बाजूनेच कळतो. फोटो काढू देत असतील तर तसा एक इथे नक्की टाका. मी इथल्या मूर्तीचा तसाच फोटो काढून शेजारी लावते.